ताटावरून : पोटात भट्टी नाही, धरण आहे

आमच्या चिंचणी गावाच्या उत्तरेला डहाणूचं 500 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र, दक्षिणेला 1969 मध्ये सुरू झालेलं तारापूरचं अणुवीजकेंद्र. या दोन चिमण्यांच्या मधल्या माणसाला ऊर्जा म्हणजे काहीतरी पेटवायचं, उकळायचं आणि चक्र फिरवायचं, असंच वाटणार. पोटाचंही आपण तेच समजतो. भात टाकला की जळतो आणि अंगात जोर येतो.

शरीर तसं चालत नाही. वीजकेंद्रातलं चक्र फिरवायला वाफ लागते, आणि सदतीस अंशांच्या देहात वाफ कुठून येणार? आपलं काम जास्त जुळतं ते सूर्या नदीवरच्या धामणी धरणाशी. भाताचं आतड्यात ग्लुकोज होतं, ते रक्तातून पेशीत जातं, तिथे टप्प्याटप्प्याने मोडतं. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पेशीतल्या तंतुकणिकेच्या (मायटोकाँड्रियाच्या) आतल्या पडद्यातून हातोहात पुढे सरकतात. त्या जोरावर हायड्रोजनचे कण पडद्याच्या एका बाजूला उपसून साठवले जातात. मग हे तुंबलेले कण एका सूक्ष्म चक्रातून परत खाली येतात, चक्र सेकंदाला शंभराहून जास्त वेळा फिरतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी नावाचा रेणू तयार होतो. धरणाची ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खुद्द एटीपी 1929 मध्ये सापडला, जर्मनीत लोमान यांना आणि हार्वर्डमध्ये फिस्क आणि आपल्या आंध्रातल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना.

चमत्कार पुढेच आहे. अंगात कुठल्याही क्षणी एटीपी असतो जेमतेम पाच-सात तोळे. तोच मोडतो, पुन्हा जुळतो, पुन्हा मोडतो. दिवसभराचा हिशेब मांडला तर माणूस साधारण आपल्या वजनाइतका एटीपी वापरतो. साठवण नाही, सगळा चालू खर्च.

भट्टीची समजूत सोडायचं कारण वेगळंच आहे. भट्टीला फक्त जळण पुरवलं की झालं. या यंत्रणेला जळणाखेरीज सुटे भागही लागतात. इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या साखळीत लोह असतं. ग्लुकोजचा अर्धा मोडलेला तुकडा तंतुकणिकेत पुढे मोडायला थायमिन लागतं, आणि ते तांदळाच्या कोंड्यासोबत गिरणीत निघून जातं. पोटभर पांढरा भात खाऊनही बाई दमलेली असू शकते ती यामुळेही. ‘खाते तर बरोबर’ हे वाक्य मला म्हणून फार आवडत नाही.

सरकारी हिशेब मात्र जळणाचाच. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य, म्हणजे दिवसाला सुमारे 580 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2020 चे आकडे समोर ठेवा. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला 1,660 कॅलरी, कष्टाचं काम करणारीला 2,720. गरोदर असेल तर वर आणखी 350. आमच्या गावात डायमेकिंगवाला डोळ्याला भिंग लावून दिवसभर पोलादावर दागिन्याचा नमुना कोरतो आणि शेजारची कोळीण मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरते. दोघांच्या ताटात भात तोच, सुक्या बोंबलाची चटणी तीच. एकाचं पोट सुटतं, दुसरीच्या गळ्याची हाडं दिसतात. ताटाबद्दल सगळे बोलतात. पाटीचं वजन कोणी विचारत नाही.

हे वजन मोजायला हवं याचा एक चांगला पुरावा पुणे जिल्ह्यातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने 1993 पासून सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू झाला. त्यांच्या पोटात दिवसाला सरासरी 1,800 कॅलरींच्या आसपास जात होत्या, आणि बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्याही आत भरत होती. कॅलरी आणि प्रथिनांपेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध यांचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध दिसला. आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला भाग असा : ज्यांनी गरोदरपणात जास्त शेतकाम आणि घरकाम केलं, त्यांची बाळं सरासरीने लहान जन्मली. म्हणजे अंगाचा खर्च कमी केला, तर ती बचतही बाळाच्या ताटात पडते.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर 2015 पासून डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना गरम चौरस जेवण, त्यात डाळ, भाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. योजना चांगली आहे, सुट्या भागांचा विचार करणारी आहे. पण दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, गरोदर बायाही जातात, तिथे विटा उचलतात. जेवण मात्र पाड्यावरच्या अंगणवाडीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की गरोदरपणातली रजा पोषणाच्या खात्यात मांडा. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात, तेही मजुरी बुडते म्हणून अंशतः भरपाई. महाराष्ट्रात 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी रोजची 312 रुपये होती. भागून बघा, सोळा दिवस येतात. कायद्याने अन्नसुरक्षा दिली तेव्हा याच भरपाईचा किमान आकडा 6,000 लिहिला होता, 2013 मध्ये, आणि तेव्हाची मजुरी आजच्यापेक्षा बरीच कमी होती. तो आकडा वाढवा, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीइतका करा, आणि हप्ता वीटभट्टीवर असतानाही मिळेल असं बघा. अंगणवाडीच्या ताटात आणखी एक लाडू घालण्याआधी मी हे मागेन.