कडू खाल्लं म्हणून साखर उतरत नाही

आपल्या अमरावती-अकोल्याकडे कुणाला मधुमेह निघाला की डॉक्टरांची चिठ्ठी फुटायच्या आधीच सल्ले सुरू होतात. "गोड बंद करा, रोज सकाळी उपाशीपोटी कारल्याचा नाहीतर लवकीचा रस घ्या." त्यामागचा हिशोब साधा असतो. गोडाने साखर वाढली, मग गोडाच्या उलट जे कडू, ते साखर उतरवणारच. हा हिशोब चुकीचा आहे, आणि कधीकधी तो जिवावर बेततो, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते जिभेकडूनच समजून घेऊ.

जिभेवर नेमकं काय घडतं?

जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. एकेका कळीत साधारण ५० ते १०० पेशी असतात. त्यातल्या काही पेशी फक्त गोड ओळखतात, काही फक्त कडू. गोड ओळखणाऱ्या पेशीवर दोन प्रथिनांच्या जोडीने बनलेला एक ग्राहक (रिसेप्टर) असतो. साखर, गूळ, शुगर-फ्रीची गोळी, सगळं तिथेच येऊन चिकटतं. कडूसाठी मात्र माणसात सुमारे २५ वेगवेगळे ग्राहक आहेत. इतके का? कारण वनस्पतींमधली बरीच विषं कडू असतात आणि ती नाना प्रकारची असतात. गोड म्हणजे "इथे ऊर्जा आहे", कडू म्हणजे "जपून".

गंमत म्हणजे ग्राहकाच्या आतली यंत्रणा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आहे. गस्टड्युसिन नावाचं प्रथिन जागं होतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि मज्जातंतूला निरोप जातो. फरक फक्त बेल कुठल्या दारावर वाजली याचा. २००५ साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या गोड ओळखणाऱ्या पेशींमध्ये कडूचा ग्राहक बसवला, तर ते उंदीर तो कडू पदार्थ आवडीने पिऊ लागले! म्हणजे कडूपणा हा पदार्थात भरलेला औषधी गुण नाही. तो आपल्या मेंदूने लावलेला अर्थ आहे. रक्तात गेल्यावर कडू रेणू गोड रेणूला शोधून मारत नाही.

मग साखर कोण ठरवतं?

ज्वारीची भाकरी आणि भात जिभेला गोड लागत नाहीत, पण पचल्यावर त्यांचंही ग्लुकोजच होतं. शुगर-फ्रीची गोळी खूप गोड लागते, पण तिने साखर फारशी वाढत नाही. मेटफॉर्मिनची गोळी कडू असते, पण वर वेष्टण चढवून ती चव लपवली तरी औषधाचं काम तेवढंच होतं. थोडक्यात, जीभ हे ग्लुकोमीटर नाही.

कारल्याची भाजी आवडत असेल तर जरूर खा, ती चांगली भाजी आहे. फक्त तिच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका. आणि गोळ्यांसोबत रोज रस घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

कडू लवकीचा धोका

सगळंच कडू विषारी नसतं. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट होतो. तो लिमोनिनमुळे, आणि त्याने अपाय होत नाही. लवकीची, म्हणजे दुधी भोपळ्याची, गोष्ट वेगळी आहे. ती कडू लागली तर समजा की तिच्यात कुकरबिटासिन हे विषारी द्रव्य वाढलं आहे. कडक ऊन आणि पाण्याचा ताण यामुळे ते वाढू शकतं, आणि आपल्या वऱ्हाडात या दोन्हींची कमतरता नाही. २०१० मध्ये दिल्लीत आणि २०१८ मध्ये पुण्यात असा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाले. दिल्लीच्या घटनेनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस घेऊ नये, असा स्पष्ट इशारा दिला.

धोका वाढतो तो "कडू आहे म्हणजे गुणकारी आहे" या समजुतीमुळे. जीभ थुंक म्हणते आणि आपण नाक दाबून ग्लास संपवतो.

म्हणून एवढं पाळा:

- लवकी चिरली की आधी लहानसा तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि अख्खी लवकी फेकून द्या. शिजवूनही खाऊ नका.
- लवकीच्या रसात दुसरे रस, लिंबू किंवा मध घालू नका. त्याने कडूपणा झाकला जातो, विष तसंच राहतं.
- रस प्यायल्यावर पोटात दुखणं, मळमळ, उलट्या, जुलाब किंवा उलटीतून रक्त असं काही झालं तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. यावर ठराविक उतारा नाही, वेळेवर मिळालेले उपचार हाच आधार.

मधुमेहासाठी तपासणी, आहार, चालणं आणि औषध यांवर विश्वास ठेवा. आणि लवकीच्या बाबतीत मात्र स्वतःच्या जिभेवर.