कान आधी, खूण नंतर

चीनच्या ‘गाओकाओ’ या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेत इंग्रजीला 150 गुण. राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत त्यांतले 30 श्रवणाचे. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात. मुलांना नीट ऐकू यावे म्हणून केंद्राजवळ हॉर्न वाजवायलाही बंदी! कानांची एवढी काळजी. सराव मात्र पर्याय हेरण्याचा. आधी प्रश्न पाहायचे, उताऱ्यात शब्द जुळवायचे, खूण करायची. गुण मिळतात, भाषा उंबऱ्याबाहेरच राहते. मीही गाइडे घोकून इंग्रजीत उत्तम गुण मिळवले. पुढे फोनवर कुणी इंग्रजीत बोलले की घाम फुटे. म्हणून वाटते, उतारा आधी प्रश्नांविना ऐकावा, मग वाचावा, पुन्हा ऐकावा. परीक्षा जूनमध्ये संपते. कान जन्माचे सोबती!