‘कष्ट करून शिकले’ या दंतकथेचा हिशेब

१/ परदेशात पडेल ते काम करून शिकलेल्या आणि पुढे देश घडवलेल्या थोर पुरुषाची गोष्ट समाजमाध्यमांवर दर काही दिवसांनी फिरते. नायक बदलतो, साचा तोच राहतो. कधी उपाहारगृहात बश्या धुणारा तरुण, कधी भट्टीपाशी तापलेले लोखंड ओढणारा. तात्पर्यही ठरलेले असते: हलक्या कामाची लाज बाळगू नये, पुढचे सारे जुळून येते. या साच्याचा सर्वांत भव्य दाखला म्हणून १९१९ ते १९२१ या काळात फ्रान्सला गेलेल्या चिनी विद्यार्थ्यांकडे बोट दाखवले जाते. हा धागा त्या विद्यार्थ्यांविषयी आहे आणि त्या तात्पर्याच्या विरोधात आहे.

२/ आरंभ ली शिझेंग या गृहस्थांपासून. वडील छिंग दरबारातील उच्चपदस्थ. ली १९०२ मध्ये फ्रान्सला आले, माँतार्जी येथे शेतीशास्त्र शिकले आणि काही वर्षांनी पॅरिसच्या सीमेवर त्यांनी टोफूचा कारखाना काढला. कामगार स्वतःच्या मुलखातून आणले. दिवसा काम, संध्याकाळी वर्ग. दारू, तंबाखू आणि जुगार वर्ज्य. मजुराला शिकवता येते, हा अनुभव या कारखान्याने दिला. पुढे त्यातून उलटा निष्कर्ष काढला गेला: विद्यार्थ्यालाही मजुरीवर शिकवता येईल.

३/ दोन्ही गोष्टी एक नव्हेत. टोफूच्या कारखान्यात मालक आणि शिक्षक एकच होता. कामाचे तास, जेवण आणि वर्ग तोच ठरवीत होता. खुल्या बाजारातील कारखानदाराला मजुराच्या फ्रेंच व्याकरणाशी काही कर्तव्य नसते. योजनेतील ही फट आरंभापासून होती. उत्साहाच्या भरात ती कोणाला दिसली नाही, किंवा दिसूनही बोलली गेली नाही.

४/ पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून सुमारे १,४०,००० चिनी मजूर युरोपात आणले. त्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी १९१६ मध्ये पॅरिसला चिनी-फ्रेंच शिक्षणसंस्था स्थापन झाली. तिच्या दोन अध्यक्षांपैकी एक त्साय युआनपेई. ते लवकरच पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख झाले. दुसरे आल्फोन्स ओलार, फ्रेंच राज्यक्रांतीचे नामवंत इतिहासकार. घोषवाक्य असे: मेहनतीने काम, काटकसरीने शिक्षण. माणसे भली होती आणि हेतूही भला होता. म्हणूनच पुढचा प्रसंग अधिक बोलका ठरतो.

५/ मार्च १९१९ पासून १९२० च्या अखेरीपर्यंत सुमारे १,६०० विद्यार्थी निघाले. सर्वाधिक सिचुआन आणि हुनान प्रांतांतील. त्यांत स्त्रियाही होत्या. हुनानच्या गे जिआनहाओ वयाच्या पन्नाशीनंतर मुलगा त्साय हसेन आणि मुलगी त्साय चांग यांच्यासह बोटीत चढल्या. त्याच तांड्यात शियांग जिंगयू होत्या. सर्वांना दिलेले आश्वासन सोपे होते: काही काळ काम करावे, शिल्लक टाकावी, मग त्या शिलकीवर शाळेत जावे.

६/ या आश्वासनाला तीन आधार हवे होते. कारखान्यांत जागा असावी. अकुशल कामाच्या मजुरीतून पोट भागून काही उरावे. आणि शाळेत बसण्यापुरती भाषा यावी. विद्यार्थी पोचले तेव्हा सैन्यातून सुटलेले फ्रेंच सैनिक स्वतःच काम शोधत होते. १९२०-२१ च्या मंदीत कारखान्यांनी माणसे कमी केली. पहिला आधार असा निखळला. उरलेल्या दोघांसाठी एका मुलाचा हिशेब पुरेसा आहे.

७/ डेंग शियाओपिंग ऑक्टोबर १९२० मध्ये मार्सेला उतरले, तेव्हा ते १६ वर्षांचे होते. नॉर्मंडीतील बायो येथील शाळेत दाखल झाले. तिथे राहण्या-जेवणासह महिन्याचा खर्च २०० फ्रँकांहून अधिक येई. घरचे पैसे पाच महिन्यांत संपले. एप्रिल १९२१ मध्ये ते ल क्रोझो येथील श्नायडर पोलाद कारखान्यात लागले. वय १८ पेक्षा कमी म्हणून मजुरी दिवसाला ६ फ्रँक ६० सान्तीम.

८/ आता गुणाकार करावा. महिन्याचे २६ दिवस एकही खाडा न करता काम केले, तर १७१ फ्रँक ६० सान्तीम. म्हणजे अंगावर कपडा न घेता, पोटात घास न घालता साऱ्या महिन्याची मजुरी साठवली, तरी तिच्यातून शाळेचा एक महिना निघत नाही. प्रौढांना मजुरी याहून जास्त मिळे, पण त्यांच्याही खोलीचे भाडे आणि भाकरी त्यातूनच जाई. काटकसर हा सद्गुण खराच. परंतु नसलेल्या पैशाची काटकसर करता येत नाही.

९/ रोलिंग मिलमधील ते काम डेंग यांनी तीन आठवड्यांत सोडले. फेब्रुवारी १९२२ मध्ये ते माँतार्जीजवळच्या हचिन्सन रबर कारखान्यात लागले. तिथे आठवड्याला ५४ तास काम असे. कित्येक महिन्यांची शिल्लक घेऊन वर्षअखेरीस ते शिकायच्या निश्चयाने शातियाँला गेले. पैसे अपुरे पडले, प्रवेश झाला नाही, आणि १९२३ च्या आरंभी ते पुन्हा त्याच कारखान्याच्या दारात उभे राहिले. काही आठवड्यांत तीही नोकरी सुटली. कारखान्याच्या नोंदीत शेरा आहे: काम करण्यास नकार दिला, पुन्हा घेऊ नये.

१०/ पाच वर्षांहून अधिक काळ फ्रान्समध्ये काढलेल्या या ‘विद्यार्थ्या’च्या वाट्याला शाळेचे बाक आले ते सुमारे पाच महिने, आणि तेही घरच्या पैशावर. मजुरीच्या पैशावर एक सत्रही नाही. ‘काम करून शिकले’ या वाक्यातील पहिले क्रियापद खरे आहे. दुसऱ्याला पुरावा नाही.

११/ योजना कोसळली तेव्हा दोष कोणावर आला? जानेवारी १९२१ मध्ये संस्थेने विद्यार्थ्यांशी असलेले आर्थिक संबंध तोडत असल्याचे जाहीर केले. बेकार विद्यार्थ्यांना मिळणारा दिवसाला ५ फ्रँकांचा निर्वाहभत्ताही आता टिकणार नव्हता. बाजारात काम नाही, मजुरी अपुरी आहे, हे मान्य करण्यापेक्षा मुलांची तयारी आणि चिकाटी कमी पडली, असे म्हणणे सोयीचे होते. योजना फसली की कर्ता दोषी, आणि एखादा तरला की योजना थोर: असा हा न्याय आहे.

१२/ २८ फेब्रुवारी १९२१ रोजी शेकडो विद्यार्थी पॅरिसमधील चिनी वकिलातीवर गेले. पुढाकार त्साय हसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. जगण्याचा हक्क आणि शिकण्याचा हक्क, ही भाषा. मागणी अशी: चार वर्षे, दरमहा ४०० फ्रँक. पोलिसांनी जमाव पांगवला. ४०० हा आकडा ऐकून भुवया उंचावणाऱ्यांनी वरचा गुणाकार पुन्हा पाहावा. शाळेचा खर्च, पुस्तके, कपडे आणि आजारपण धरले तर तो चैनीचा आकडा नव्हता.

१३/ सर्व विद्यार्थी या मागणीच्या बाजूचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. झाओ शियान आणि ली लिसान यांच्या गटाला भत्ता मागणे म्हणजे श्रमाच्या ध्येयाशी प्रतारणा वाटली. मजुरी करीतच शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या निष्ठेचा आदर ठेवूनही एवढे दिसते की काही महिन्यांतच दोन्ही गट एकत्र आले. पोटाने वादाचा निकाल लावला.

१४/ त्याच वर्षी लियाँ येथे चिनी-फ्रेंच शिक्षणसंस्था उघडली. फ्रान्समध्ये आधीपासून हाल काढणाऱ्यांना वाटले, आता दार उघडेल. प्रवेश मात्र चीनमधून निवडून आणलेल्या विद्यार्थ्यांना मिळाला. सप्टेंबर १९२१ मध्ये श्रमिक विद्यार्थ्यांनी त्या वास्तूत घुसून ठाण मांडले. त्यांना पकडून बंदिस्त ठेवले गेले आणि ऑक्टोबरात १०४ जणांना मार्सेहून मायदेशी हाकलले. त्यांत त्साय हसेन होते, ली लिसान होते आणि पुढे चीनचे परराष्ट्रमंत्री झालेले चेन यीही होते. परिश्रमाचे हे प्रमाणपत्र.

१५/ पहिला आक्षेप अपेक्षित आहे: ‘पण त्यांतूनच नेते घडले ना?’ घडले. १,६०० पैकी जी नावे जगाला ठाऊक आहेत, ती मोजायला फार वेळ लागत नाही. उरलेल्यांपैकी काही आजारांत आणि अपघातांत परमुलखातच गेले, बरेचसे पदवीविना परतले. यशस्वी मूठभरांकडे पाहून रस्त्याची पारख करणे म्हणजे किनाऱ्याला लागलेल्यांना विचारून नदीची खोली ठरवणे.

१६/ शिवाय त्या मूठभरांचा हिशेबही तपासावा. याच यादीत नेहमी गोवले जाणारे चाऊ एन लाय यांना तिआनजिनमधील नानकाई शाळेचे संस्थापक यान शिऊ यांच्याकडून शिष्यवृत्ती होती, आणि ते तिथल्या वृत्तपत्राला युरोपातून बातमीपत्रे पाठवीत. डेंग यांना घडवले ते संघटनेने. सायक्लोस्टाइलवर नियतकालिक छापण्यातील हातोटीमुळे सहकारी त्यांना थट्टेने ‘डॉक्टर’ म्हणत. १९२६ मध्ये ते मॉस्कोला गेले, आणि तिथे त्यांना प्रथमच सलग शिक्षण मिळाले. कारण तिथे राहण्या-जेवणाचा खर्च दुसऱ्याने उचलला होता. उचलणाऱ्याचा राजकीय हेतू काय होता, हा वेगळा विषय. परंतु शिकायला वेळ लागतो आणि वेळेला पैसा लागतो, हे त्या व्यवस्थेला कळले होते.

१७/ दुसरा आक्षेप महाराष्ट्रातून येईल: ‘कमवा आणि शिका’चे काय? योगायोग असा की चिनी विद्यार्थ्यांची पहिली तुकडी निघाली त्याच १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांत मुले राबत होती, हे खरे. परंतु छप्पर संस्थेचे होते, ताट संस्थेचे होते आणि तूट भरून काढण्यासाठी कर्मवीर स्वतः गावोगाव फिरत होते. श्रमाचे मोल बाजाराने ठरवले नाही. शिक्षण हा करार होता आणि श्रम त्याचा भाग. मुलाला अनोळखी देशातील मजूरबाजारात सोडून देणे आणि त्यालाही ‘स्वावलंबन’ म्हणणे, हा कर्मवीरांच्या शब्दाचा गैरवापर आहे.

१८/ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरणही हेच सांगते. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली तेव्हा, १९१७ मध्ये, लंडनमधील शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. जिद्द तीच होती, बुद्धी तीच होती, पैसे नव्हते. शिल्लक आणि मदत जमवून १९२० मध्ये ते पुन्हा गेले. उपास ज्यांनी सोसले, त्यांनी उपासाचा उपदेश केला नाही. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारकडे दलित विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी खर्चाची तरतूद मागितली.

१९/ मग दंतकथा टिकते कशी? कारण ती सर्वांच्या सोयीची आहे. कारखान्याला स्वस्त मजूर मिळतो, शासनाला शिष्यवृत्ती द्यावी लागत नाही आणि यशस्वी माणसाला आपल्या भाग्याला कष्टाचे नाव देता येते. आजचे देशही खासगीत ही कथा मानत नाहीत. जर्मनी विद्यार्थ्याला २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात दाखवायला लावतो. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपलीकडे काम करता येत नाही. फुटकळ कामावर शिक्षण निभत नाही, हे त्यांनी नियमांतच लिहून ठेवले आहे. तरीही कर्ज काढून निघालेल्या मुलाला नातलग सांगतात, ‘तिकडे काहीतरी काम मिळेलच.’

२०/ काम करण्यात कमीपणा नाही. ल क्रोझोच्या भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या मुलांत तो नव्हता आणि आज रात्रपाळीला गोदामात खोकी उचलणाऱ्यांतही नाही. कमीपणा आहे तो त्यांच्या हालांचे सुभाषित करून हिशेब लपवण्यात. म्हणून पुढच्या वेळी अशी गोष्ट समोर आली की तीन प्रश्न विचारावेत. मजुरी किती होती? शिक्षणाचा खर्च किती होता? आणि मधली तूट कोणी भरली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोष्टीत नसेल, तर ती गोष्ट इतिहास म्हणून पुढे पाठवू नये.