ख्रिस्ती तरुणांची उपासना: गाणारे किती, ऐकणारे किती?

तरुण मंडळींना चर्चमध्ये कसे टिकवून धरावे, याविषयी हल्ली आमच्या हैदराबादेत बरेच बोलले जाते. मी ख्रिस्ती नाही. गाणे शिकविणे हा माझा व्यवसाय. परंतु पेटी-तबला शिकावयास येणाऱ्या मुलांत ख्रिस्ती घरची मुले नेहमी असतात, त्यांतली काही जालना-परभणीकडून इकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली, आणि त्यांच्या पालकांबरोबर हा वाद माझ्या बैठकीत येऊन बसतो. वडीलधारे म्हणतात, गिटार आणि ड्रम आल्यापासून उपासनेतले गांभीर्य गेले. मुले म्हणतात, ते नसेल तर आम्ही येणार नाही. पाळकसाहेब बिचारे मध्ये सापडतात, आणि शेवटी आणखी एक मोठा ध्वनिवर्धक विकत घेतात.

माझ्या मते भांडण वाद्यांचे नाहीच. ज्या पेटीला आज आपण घरची समजतो ती युरोपातून आली, आणि तिच्या परकेपणाबद्दल आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीस वर्षे तिला दाराबाहेर उभे केले होते. तिचे काही बिघडले नाही. गिटारचेही बिघडणार नाही. विचारावयाचे ते एवढेच, की रविवारी सभागृहात गातात किती आणि ऐकतात किती?

मराठी ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न नवा नाही. सुरुवातीची गीते बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरे. त्या चालींचा आघात एका अक्षरावर आणि मराठी शब्दाचे वजन दुसऱ्यावर, त्यामुळे ऱ्हस्व ओढून दीर्घ करावे लागे. खेड्यातल्या माणसाने ते गावे कसे? 1860 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरास कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि श्रोत्यांना ओळखीची वाट सापडली. ओवी, साकी, दिंडी त्यांच्या कानांत होतीच. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेकड्यांनी पदे व अभंग लिहिले, ते आजही 'उपासना संगीता'त गाइले जातात. आमचे तेलुगू शेजारीही मागे नाहीत. 'आंध्र क्रैस्तव कीर्तनलु' उघडून पाहावे, कितीतरी पदांच्या माथ्यावर राग आणि ताल छापलेले आढळतील. आज वडीलधारे ज्याला जुने वळण म्हणतात, ते एकेकाळचे नवे वळणच होते.

याच टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दरबार हा शब्द माझ्या घरचा. वडील तरुणपणी निजामी दरबारात साथीला बसत (मी त्यांच्या उतारवयातला). ते सांगत, दरबारात गाणारा एक आणि माना डोलावणारे शंभर. भजनात याच्या उलट. एक जण ओळ देतो, शंभर जण ती उचलतात, आणि ज्याला सूर नाही तोही टाळ्या धरतो. टिळकांनी नाव दरबाराचे घेतले, पण त्यांची पदे भजनाची आहेत.

आता दुसरी बाजू पाहू. 1881 साली अमेरिकेत मेन प्रांतातल्या पोर्टलंड शहरी फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकाने तरुणांसाठी 'ख्रिश्चन एन्डेव्हर' संस्था काढली. ती जगभर पसरली, हिंदुस्थानातही आली. तिची युक्ती अगदी साधी होती. प्रत्येक सभासदाने सभेत काहीतरी भाग घेतलाच पाहिजे, मग ती प्रार्थना असो की दोन वाक्ये. आणि कामे समित्यांनी वाटून घ्यावयाची. तिची शपथ कडक होती, थोडी जाचकही असेल. परंतु अठरा वर्षांच्या पोराला तिने कार्यकर्ता मानले. आज ज्याला तरुणांचे कार्य म्हणतात त्यात पुष्कळदा तोच पोरगा प्रेक्षक असतो. मंचावर पाचजण, दिवे त्यांच्यावर, शब्द पडद्यावर.

हे मी शिक्षकाच्या कानाने सांगतो. गाणे मुख्य गायकाच्या पट्टीत लावलेले असते, आणि तो बहुधा वरच्या आवाजाचा तरुण. बायकांना ते खाली जाते, म्हाताऱ्यांना वर. दोन कडव्यांत निम्मे लोक ओठ हलवू लागतात आणि ध्वनिवर्धक तेही झाकून टाकतो. पडदा आल्यापासून पाठांतर सुटले. माझ्याकडच्या एका मुलाला दर रविवारी वाजविलेले गाणे पडद्यावाचून तिसऱ्या कडव्यापर्यंत नेता येईना. त्याचा हात मात्र तयार आहे, लय पक्की आहे, रोज दोन तास बसतो. अशा मुलाला उथळ म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला काम हवे आहे, आणि मंडळीने त्याला फक्त जागा दिली.

भाषेचे दुखणे निराळे. येथल्या मराठी ख्रिस्ती घरांतली मुले तेलुगू किंवा इंग्रजी उपासनेला जातात. यात गैर काही नाही. पण टिळकांची पदे मग आजीच्या तोंडी उरतात आणि अंत्यविधीला आठवतात. जालन्याजवळ, निजामी राज्यातच, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसविले होते. मराठी ख्रिस्ती गाणे या राज्याला परके नव्हते.

फ्रान्समधल्या तेझे येथे 1940 पासून एक मठ आहे. तेथे तरुण हजारोंनी जातात, आणि गातात काय, तर एकेक ओळ, पुनःपुन्हा. आपल्या नामस्मरणाशी याचे नाते कोणालाही कळेल. म्हणजे साधे, सर्वांनी मिळून गावयाचे गाणे तरुणांना नको असते, हा समज खरा नाही.

पाळकसाहेबांना माझी सूचना खर्चाची नाही. महिन्यातला एक रविवार पूर्ण तरुणांच्या हाती द्यावा: गीतांची निवड, वाचन, सतरंज्या घालणे, त्या दिवशीच्या वर्गणीचा हिशेबही. गिटार असू द्यावी, पण पट्टी पांढरी एकच्या आसपास धरावी आणि शेवटचे कडवे ध्वनिवर्धक बंद करून म्हणावे. एक पद मराठी, एक तेलुगू, पाठ. आणि कार्यकारी समितीत पंचविशीच्या आतले दोघे तरी घ्यावेत. पेटीचा भाता कोणी दुरुस्त करावा आणि ड्रम कोठे ठेवावेत, यावर तेही बोलतील.