गळती फिल्टरची, झळ संसाराला

इंदूरमधल्या एका मराठी कुटुंबात ट्रकच्या जमाखर्चाची वही घरची गृहिणी लिहिते. ट्रक एकच आणि तोही जुना, टाटांचा १२१०. पती स्वतःच चालवतात. मुंबई-आग्रा महामार्गावर इंदूर ते धुळे, कधी नाशिकपर्यंत भाडे मिळते आणि त्यावर घर चालते.

महिनाअखेरची बेरीज करताना तिचे बोट एका नोंदीवर थांबले.

"अहो, इंजिन ऑइलचे डबे इतके कसे? मधल्या मधल्या फेऱ्यांत तीनदा ऑइल विकत घेतलंय!"

"जुनं इंजिन आहे, तेल खाणारच."

"पण गेल्या महिन्यात ऑइल आणि फिल्टर बदलला, त्यानंतरच खायला लागलं. त्याआधीच्या पानांवर असं कुठंच नाही."

पतींना उत्तर सुचेना. इंजिन झिजून तेल जाळू लागले तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या गाडीला तसा धूर नाही, हेही त्यांनी पाहिले होते. म्हणजे तेल जळत नव्हते, बाहेर जात होते. सकाळी टॉर्च घेऊन ते ट्रकखाली वाकले, तर इंजिनची एक बाजू वरपासून खालपर्यंत ओली. आता आठवले. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात भरल्या गाडीने चढ चढताना ऑइल प्रेशरचा काटा थोडा खाली आला होता. त्यांनी ते मनावर घेतले नव्हते.

थेंब लहान, धोका मोठा

इंजिनमध्ये क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो. त्या थरामुळेच धातू धातूला घासत नाही. ऑइल पंप खालच्या चेंबरमधले तेल दाबाने उचलतो, फिल्टरमधून गाळतो आणि सगळीकडे पोहोचवतो. तेल कमी झाले की पंप हवा ओढू लागतो, थर तुटतो आणि बेअरिंग जळते. मग इंजिन उतरवा, क्रँक घासून घ्या, नवी बेअरिंगे बसवा. तोवर गाडी उभी, पण मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. शिवाय गळणारे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आग लागण्याचे भय वेगळेच.

म्हणून लगेच गॅरेज गाठले. तिथल्या तरुण कारागिराने पाना लावला आणि फिल्टरचा बोल्ट जोर लावून आवळला. "झालं काम!" तो म्हणाला. पुढची फेरी झाली आणि गाडीखाली पुन्हा डाग.

मग ते ट्रान्सपोर्ट नगरातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. त्यांनी आधी इंजिनची ओली बाजू डिझेलने धुऊन कोरडी पुसून घेतली. "भाऊ, डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असं नाही. धावत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरतं." मग इंजिन सुरू करवले आणि दिवा धरून बघत राहिले. बंद इंजिनात काही दिसले नसते. पंप फिरून दाब आला तेव्हाच फिल्टरच्या वरच्या कडेने तेलाची बारीक रेघ सुटली.

एका खाचेत दोन रिंगा

या जुन्या इंजिनांत फिल्टर म्हणजे धातूची एक वाटी, आत कागदाचा एलिमेंट आणि मधून जाणारा लांब बोल्ट. वाटीची कड वरच्या भागातल्या गोल खाचेत बसते आणि त्या खाचेतली रबरी रिंग तेल अडवते. एलिमेंट बदलताना रिंगही बदलायची असते.

इंजिन थंड झाल्यावर मिस्त्रींनी वाटी उतरवली आणि खाचेत बोट फिरवले. नवी रिंग हाताला आली, पण तिच्यावर आणखी एक रिंग होती. काळी, कडक, चपटी, जणू लोखंडाचाच भाग. मागच्या वेळी वाटी काढताना जुनी रिंग वर चिकटून राहिली होती. खाच डोळ्यांआड, त्यामुळे कुणाला दिसली नाही आणि नवी रिंग तिच्याखालीच बसवली गेली. दोन रिंगांवर वाटी नीट टेकत नाही. वरून घट्ट वाटते, पण दाब आला की तेल वाट काढतेच. जोराने आवळल्यावर गळती थांबली नाही, उलट नवी रिंग कडेला कापली गेली. आणखी आवळले असते, तर बोल्टचे आटे गेले असते.

हे लक्षात ठेवा

फिल्टर बदलून होताना शेजारी उभे राहा आणि जुनी रिंग हातात मागून घ्या. ती दिसली नाही तर वर खाचेत आहे असेच समजा. खाच स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, ओरखडा पडला तर तिथूनच गळेल. लाकडी काडी आणि स्वच्छ फडके पुरते. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावून ती सगळीकडे सारखी बसवा. शेलॅक किंवा चिकट पेस्ट लावू नका, तिचे तुकडे सुटून तेलाच्या वाटा बुजवू शकतात.

बोल्ट बेताने आवळा. इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालवून काटा आणि फिल्टरची कड दोन्ही बघा. मग बंद करून, सपाट जागी थोडा वेळ थांबून पट्टीवर पातळी तपासा. रिकामी वाटी भरताना थोडे तेल लागतेच, तेवढे घाला. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा बघा.

तरीही गळले तर बोल्टच्या डोक्याखालचा वॉशर, वाटीची वाकलेली कड आणि तुंबलेला ब्रीदर तपासून घ्या. ब्रीदर तुंबला की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि सगळ्या सांध्यांतून तेल झिरपू लागते. आणि जुने तेल गटारात ओतू नका, ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवे.

ज्यांच्या दारात ट्रक नाही, त्यांनाही यातले बरेच उपयोगी आहे. मोटारीच्या डबा-फिल्टरचे जुने गॅसकेटही असेच चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर चढवला की अशीच गळती होते.

इंदूरच्या त्या ट्रकची गळती एका किरकोळ किमतीच्या रिंगेने थांबली. पुढच्या महिन्यात वहीत ऑइलच्या डब्याची नोंद नव्हती. आता फेरी संपवून पती घरी आले, की गृहिणी भाड्याच्या आकड्याशेजारी आणखी एक गोष्ट विचारून लिहिते: पट्टीवर तेल किती?