पाडण्याआधी खण मोजा

उमरीच्या गावठाणातल्या एखाद्या जुन्या वाड्याची मापे घ्यायला आपले विद्यार्थी जातात, तेव्हा त्यांच्या वहीत पहिला रकाना बांधकामाच्या सालाचा असतो. तो कधीच नीट भरत नाही. घरातले वडीलधारे सांगतात, "आतले सहा खण आज्यानं काढले, ढाळज चुलत्यानं बांधली, हे पत्रे आत्ता आम्ही टाकले." विद्यार्थी मग अंदाजाने एक साल लिहून मोकळे होतात. आमची विनंती आहे, साल लिहू नका, ते वाक्य जसेच्या तसे लिहा. शेतकऱ्याचा वाडा एकदा बांधून संपत नाही.

उमरी कापसाची पेठ. १९००च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे या भागातून गेली. जानेवारी १९४८मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी छापा घातला ती बँक याच गावातली. या पेठेची चढउतार वाड्यांच्या छतात वाचता येते. जुन्या खणांत सागाचे खांब, तुळया, त्यांवर किलच आणि पांढरीच्या मातीचे माळवद. रेल्वेने गर्डर, पत्रे, शहाबादी फरशी आणणे सोपे केले आणि नंतरच्या खणांत तेच दिसते. जिथे सागाची तुळई संपून गर्डर सुरू होतो, तो सांधा नकाशात मोठा करून दाखवला पाहिजे. आपण नेमका तोच गाळतो.

वाटणीची खूण तर याहून ठळक असते. चौकाच्या मधोमध वीटबांधकामाची भिंत, ओसरीच्या टोकाला दुसरी चूल, मागच्या गल्लीत फोडलेले नवे दार. ज्वारी मागे पडून कापूस-सोयाबीन आले, माल शेतातून थेट अडतीवर जाऊ लागला आणि भिंतीतली धान्याची बळदे रिकामी झाली. काही ठिकाणी त्यांचीच कपाटे झाली. बैल जाऊन ट्रॅक्टर आला, तो दरवाजात मावेना, म्हणून ढाळजेची एक बाजू उतरवली गेली. कुटुंब आणि पीक बदलले की वाडा बदलतो.

इंग्लंडमधल्या जुन्या शेतघरांचेही असेच आहे. तिथे मधल्या दालनात उघडी चूल असे आणि धूर थेट छपरात जाई. सोळाव्या-सतराव्या शतकांत धुराडी आली, दालनावर मजला चढला. आज अभ्यासक माळ्यावर चढून काजळलेले वासे पाहतो आणि खाली कितीही बदल झालेले असोत, घराचे मूळ रूप ओळखतो. आपल्याकडे किलचावर धरलेली काजळी हेच सांगते, की आज जिथे टीव्ही आहे तिथे एकेकाळी चूल होती. रंगारी बोलावण्याआधी त्या काजळीचा फोटो घ्यावा, हे कोणी सांगत नाही.

नंतरची भर खरवडून इमारतीला एकाच काळाचे रूप देण्याला इंग्लंडमध्येच विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली संस्था काढून विरोध केला. आपल्याकडे आज हॉटेलवाल्यांसाठी कोरीव खांब उपटून नेले जातात आणि जीर्णोद्धाराच्या नावाने पत्र्याबरोबर वाटणीची भिंतही पाडली जाते. दोन्ही चूक आहे.

पण प्रत्येक भर जपावी, असे आम्ही म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे झाले ते मराठवाड्यातल्या कोणत्याही वास्तुविशारदाला विसरता येणार नाही. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. पिढ्यांनी असे थर चढवले आणि माती कुठे फूट-दीड फूट, कुठे दोन फुटांहून जाड झाली. खाली चिखलात रचलेल्या गोट्यांच्या भिंती, आतबाहेरची दोन तोंडे बांधणारे आरपार दगड नाहीत. त्या भिंती फुटल्या आणि झोपलेल्या माणसांवर दगड-माती कोसळली. अनेक घरांत मात्र भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणून वाड्यात शिरल्यावर आधी माळवदाची जाडी मोजा. माती उतरवायची असेल तर उतरवा, तिथे हळवे होऊ नका. भिंतीत आरपार दगड घाला. खांब-तुळयांना मात्र हात लावू नका, आणि कुजलेला खांब बदलायचाच असेल तर बदललेल्या लाकडावर साल कोरा.

उमरी, धर्माबाद, भोकर, कंधार, लातूरपर्यंतच्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावर या महिन्यातही वाडा पाडून स्लॅब टाकण्याचे काम आले असेल. मालकाला घर हवे आहे, त्याला अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण पाडण्याच्या आधी दोन दिवस मागून घ्या. खण मोजा, सांधे काढा, कोणी काय कधी वाढवले ते घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, कारण चूल किती वेळा हलली ते तिलाच ठाऊक असते. तो नकाशा आमच्याकडे पाठवा. आम्ही छापू.