पाण्याचे ऋण आणि सोन्याचा हिशेब



२४ एप्रिल २०११, रविवार. त्या दिवशी सकाळी पुट्टपर्तीला सत्यसाईबाबा गेले. संध्याकाळी मी एका गावात कपाशीच्या बियाण्याच्या बैठकीला होतो. बैठक बाजूलाच राहिली. चावडीतल्या टीव्हीपुढे अर्धा गाव बसलेला. काहींनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या, एका म्हातारीने पडद्यालाच हात जोडले होते. मागच्या भिंतीला टेकून आम्ही चार शिकलेले उभे. त्यातला एक म्हणाला, "हवेतून अंगारा काढणाऱ्याला स्वतःसाठी चार श्वास काढता आले नाहीत?" आम्ही हसलो. मीच सर्वांत मोठ्याने हसलो.

देशभर तेच चालले होते. एकीकडे आंध्र सरकारने दुखवटा जाहीर केला आणि २७ एप्रिलला सरकारी इतमामात समाधी दिली. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, नरेंद्र मोदी आले, अडवाणी आले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पुढारी एका शवपेटीपुढे वाकले. सचिन तेंडुलकरचा त्याच दिवशी वाढदिवस. त्याने तो साजरा केला नाही. दुसरीकडे आमच्यासारखे हसणारे. आपण ९६ वर्षे जगणार असे बाबा सांगत, गेले ८४ व्या वर्षी. मग भक्तांनी चांद्रमासाची नवी मोजणी काढून आकडा जुळवला. हसायला आणखी काय हवे?

पण रडणारे सगळे अडाणी आणि हसणारे सगळे शहाणे, असा हा मामला नाही. हे मला पुढे अनंतपूर जिल्ह्यात जाऊन कळले.

भुईमुगाचे कोरडवाहू प्रयोग पाहायला गेलो होतो. पुट्टपर्ती तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. २०२२ साली वेगळा जिल्हा झाला आणि त्याला बाबांचेच नाव मिळाले. देशातल्या सर्वांत कमी पावसाच्या जिल्ह्यांत अनंतपूरची गणना होते. लाल, हलकी जमीन, खाली खडक. विहिरीला लागले तर पाणी, आणि लागले तर त्यात फ्लोराइड. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पिवळे डाग पडलेले दात आणि वाकलेली हाडे आपण पाहतो, तेच दुखणे तिकडे होते. १९९४ साली बाबांनी पाणी देण्याचे जाहीर केले. थोड्याच काळात त्यांच्या ट्रस्टने दोन हजार किलोमीटरच्या आसपास नळ टाकले आणि सातशेहून अधिक गावांना पिण्याचे पाणी पोचवले. पुढे मेदक आणि महबूबनगरलाही अशा योजना गेल्या.

एका गावात टाकीखाली हंडा भरणाऱ्या बाईला मी दुभाष्यामार्फत विचारले, "बाबांच्या चमत्कारावर तुमचा विश्वास आहे का?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाली, "चमत्कार मला ठाऊक नाही. मते मागायला सगळे आले. पाणी घेऊन एकच आला."

त्या दिवशी माझे चावडीतले हसू माझ्याच घशात अडकले.

पण इथेच थांबलो तर मीही टोपी काढून बसणाऱ्यांतला एक झालो. बाईचे म्हणणे खरे आहे, पण ते सगळे खरे नाही. पाण्याच्या हंड्याखाली किती गोष्टी झाकल्या गेल्या, त्याही मोजल्या पाहिजेत.

न झालेल्या चौकश्या

कृषी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवतात की नवे वाण कितीही नावाजलेले असो, शेजारी जुन्या वाणाचा पट्टा पेरल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. १९७६ साली बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्या यांनी नेमके एवढेच मागितले. समिती नेमली आणि बाबांना लिहिले की आमच्या अटींवर, आमच्या समोर चमत्कार करून दाखवा. ते झालेच नाही. बियाण्याची कंपनी चाचणीला नकार देती तर आपण तिची पिशवी घेतली असती का?

६ जून १९९३ च्या रात्री आश्रमात घुसलेल्या माणसांनी बाबांच्या दोन सेवकांना भोसकून मारले. मग पोलिसांनी त्या चौघांना बाबांच्या निवासातच गोळ्या घातल्या. सहा मुडदे पडले. हे चौघे जिवंत का धरले गेले नाहीत, याचे समाधानकारक उत्तर लोकांपुढे कधी आले नाही. त्या वेळी देशाचे गृहमंत्री होते आपल्या मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण, आणि ते बाबांचे भक्त होते.

पुढे काही परदेशी माजी भक्तांनी लैंगिक छळाचे आरोप केले. २००४ साली बीबीसीने ते माहितीपटात दाखवले. हे आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण न्यायालयापर्यंत ते जावेत अशी इच्छा तरी कोणाची होती? २००१ सालीच पंतप्रधान वाजपेयी, दोन माजी सरन्यायाधीश आणि लातूरचे शिवराज पाटील यांनी सह्या करून आरोप निराधार ठरवून टाकले होते. चौकशीआधीच निकाल! आपल्या बांधाच्या भांडणात तलाठीसुद्धा आधी जागेवर येऊन पाहतो.

आणि मग सोने. बाबा गेल्यावर जून २०११ मध्ये त्यांचे खाजगी दालन उघडले. आत ९८ किलो सोने, ३०७ किलो चांदी आणि ११ कोटी ५६ लाख रुपये रोख निघाले. सर्वस्वाचा त्याग केलेल्याच्या खोलीत! ही रोकड मोजायला माणसे आणि यंत्रे बसवावी लागली. कोणी दिले, कधी दिले, कशासाठी दिले, हे भक्ताने विचारायचे नाही.

खरा गुन्हेगार

बाबा खरे की खोटे, यावर देश भांडत बसला, आणि या भांडणात खरा गुन्हेगार मांडवातून निसटला. १९४७ ला स्वातंत्र्य आले. १९९४ पर्यंत अनंतपूरच्या गावाला सरकारने शुद्ध पाण्याचा हंडा दिला नव्हता. नळ टाकायला कोणता चमत्कार लागतो? पाइप लागतात, पंप लागतो, पैसा लागतो. जे काम एका ट्रस्टने थोड्याच काळात केले, ते सत्तेचाळीस वर्षांत सरकारला का जमले नाही? हा प्रश्न त्या शवपेटीपुढे वाकलेल्या एकाही पुढाऱ्याला कोणी विचारला नाही. दुखवटा जाहीर करायला सरकारला एक कागद लागला. स्वतःच्या नाकर्तेपणाचा दुखवटा त्यांनी कधी पाळला?

सरकारने आपले काम केले नाही म्हणून बाबा उभा राहिला. बाबाने काम केले म्हणून त्याला कोणी काही विचारेना. आणि कोणी विचारत नाही म्हणून त्याच्या दारात सरकारही वाकले. कोरडवाहू मुलखात हे चक्र असेच फिरते. तिकडे बाबा असतो, आपल्याकडे कधी साखरसम्राट असतो, कधी टँकरवाला पुढारी, तर कधी फुकट बियाणे वाटणारा व्यापारी. हंडा भरला की तोंड बंद.

म्हणून या जिल्हा बैठकीत माझे एवढेच मागणे आहे. पाणी ज्याने दिले त्याचे ऋण मानायला लाजू नका, आणि ऋण मानणाऱ्या म्हातारीला कोणी हसूही नका. मी हसलो होतो, त्याची लाज आजही आहे. पण ऋण मानले म्हणजे तोंड गहाण पडत नाही. सोयरा अडीनडीला दोन पोती ज्वारी देतो, तेव्हा आपण त्याचे नाव काढतो. त्याने बांध कोरला तर त्याला जाबही विचारतो. गावातल्या पंचाला हे साधे शहाणपण कळते. दिल्ली-हैदराबादला कळले नाही.

हा नियम आपल्यालाही लागू आहे. संघटनेच्या पावतीपुस्तकाचा हिशेब बैठकीत उठून मागा. "साहेबांनी आपल्यासाठी एवढे केले, त्यांना कसे विचारायचे?" असे ज्या दिवशी तुमच्यापैकी कोणी म्हणेल, त्या दिवशी आमचाही बाबा झाला असे समजा.